कोणाच्या हातची ओटी

शुक्रवार उजाडला की सोजरबाईचं डोकं सकाळपासूनच तडकायचं. सिस्टरांच्या शाळेचं फाटक ती उघडायची, लेकरं आत घ्यायची, रडणाऱ्याला कडेवर आणि पळणाऱ्याला बखोटीला धरून वर्गात पोचवायची. मग प्रार्थनेची घंटा देऊन मागं वळते न वळते तोच फाटकाशी बाया उभ्या. हातात ताट, ताटात खण-नारळ, वरून पदर झाकलेला.

"सोजरबाई, उघड वं."

"सिस्टरनं नाई म्हनलं हाये. किती डाव सांगू?"

"सिस्टरनं म्हनलं, तं तू काऊन आडवी येऊन राह्यली? जाऊ दे ना गुपचूप!"

फाटक लावणारा हात तिचा, म्हणून गावाच्या लेखी गुन्हेगारही तीच. सिस्टरला शिव्या द्यायची कोणाची छाती नव्हती, कारण सगळ्यांचीच लेकरं तिच्या शाळेत. शिव्या आयाबाईला. आयाबाईला तर त्या पगारासोबतच मिळत असाव्यात, असं गावाला वाटायचं.

ही शाळा तेलुगू मुलखातल्या बाजारहत्नूरच्या अलीकडे, कापसाच्या वावरांना लागून. पाचवीपर्यंतची. शिकवणं इंग्रजीत, प्रार्थना तेलुगूत, भांडणं मराठीत. शाळेत जाणारं पोर घरीही जेवणाआधी कपाळावर, छातीवर, खांद्यांवर बोटं टेकवून क्रूस करायचं आणि मग आजीच्या धाकानं ताटाभोवती पाणीही फिरवायचं. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. आवारात चिंचेखाली सिमेंटच्या दगडांची एक गुहा होती आणि गुहेत निळ्या शालीची मरियम माता. सिस्टर तिला 'माता' म्हणायच्या, गाव तिला 'माई' म्हणायचं.

माईची ओटी भरायची रीत कोणी ठरवून पाडलेली नव्हती. पहिली ओटी आणली भागाबाईनं. तिची पोरगी तापानं फणफणली होती, डॉक्टरनं आशा सोडली होती, आणि हिनं शाळेच्या फाटकातूनच माईला हात जोडले होते. पोरगी उठून बसली. मग भागाबाई खण, नारळ, तांदूळ, हळकुंड घेऊन हजर. देवीनं ऐकलं की देवीची ओटी भरायची, एवढं तिला ठाऊक; देवी कोणत्या धर्माची हे तिनं विचारलं नव्हतं.

तेव्हाच्या मोठ्या सिस्टर फिलोमिना केरळच्या, म्हाताऱ्या, हसऱ्या. त्यांना ओटी म्हणजे काय हेच कळेना. गुहेभोवती त्यांनी कठडा घालून फुलझाडं लावली होती आणि ती तुडवली जाऊ नयेत म्हणून आत जायची परवानगी एकट्या आयाबाईला होती. त्या म्हणाल्या, "आयम्मा, तुम रखो." इकडे शाळेतल्या आयाबाईला आयम्माच म्हणतात.

सोजरबाईनं पदराला दोनदा हात पुसून मग ताट घेतलं होतं. कारण नवरा चंपतराव वावरात वीज पडून गेला, त्या दिवसापासून तिच्या हातात कोणी ओटी दिली नव्हती. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नाही. लग्नात हळद दळायला तिचा हात नाही. नवरीच्या ताटाजवळून जायचं तर भिंतीला धरून, चोरासारखं. आपल्याच धाकट्या बहिणीच्या डोहाळजेवणात ती चुलीपाशी भाकऱ्या थापत बसली होती आणि बाहेर ओटी भरायची गाणी चालली होती. आणि इथे कपाळ पुसलेल्या बाईच्या हातात भागाबाईनं ओटी दिली!

भागाबाईही चरकली होतीच. पण नवस तर फेडायचा आणि आत तर हीच जाणार. शेवटी गावानं आपल्या सोयीची समजूत करून घेतली: देव परका, तर रीतही परकी. मग दर शुक्रवारी बाया यायला लागल्या. कठड्याबाहेरून ताट सोजरबाईच्या हाती द्यायच्या, ती आत जाऊन माईच्या पायाशी ठेवायची आणि कुंकवाचं बोट लावायची. नारळ शाळेच्या स्वयंपाकघरात जायचे, खणांच्या पिशव्या लेकरांना शिवल्या जायच्या. गावातल्या कोणत्याही देवळात जे तिच्या वाट्याला आलं नसतं, ते तिला या शाळेत मिळालं होतं. शुक्रवारी ती केसांना तेल लावून यायची. बस, एवढाच तिचा सण.

मग सिस्टर फिलोमिना बदलून गेल्या आणि सिस्टर रोजलिन आल्या. तरुण, कामसू, बोलायला तडतडीत. आल्या आल्या त्यांनी संडास दुरुस्त करून घेतले, गळके पत्रे बदलले. बाई वाईट नव्हती, हे सोजरबाईही कबूल करायची; पण वाईट नसलेली माणसंच कधी कधी जास्त ताप देतात. पहिल्याच शुक्रवारी मूर्तीच्या कपाळावरचं कुंकू बघून त्यांचा चेहरा उतरला.

"आयम्मा, ये सब बंद. कल कोई मोबाईल में व्हिडिओ डालेगा. बोलेगा, सिस्टर लोग हिंदू औरतों को बुला के धरम बदल रहे हैं. फिर स्कूल का क्या होगा? बच्चों का क्या होगा?"

बोलणं खोटं नव्हतं. तसं कुठे कुठे झाल्याचं सोजरबाईच्याही कानावर होतं. पण सिस्टरनी बंद म्हटलं आणि ऑफिसात निघून गेल्या. फाटकाशी उभं राहायचं होतं आयम्मानं. इकडे आड, तिकडे विहीर आणि मधे सोजरबाई. पाऊस लागल्यापासून ती बाया परत पाठवत होती. पिठाच्या गिरणीत तिच्याशी कोणी बोलेना. एकजण तर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "हिच्या हातानं बंदच पडन, दुसरं काय होईन!"

या घोळात घरात वेगळंच शिजत होतं. सून रूपाचं दोनदा पोट वाया गेलं होतं. तिसऱ्या वेळी रूपानं माईला नवस बोलला, की लेकरू हाती आलं तर तुझी ओटी भरीन. आता मांडीवर नातू खेळत होता, आणि नवस तसाच.

"आत्याबाई, लेकराले रात्री झटके आल्यासारखं होते. माईचं देनं राह्यलं म्हनून तं नसन?"

"दात येत असतीन त्याले," सोजरबाई म्हणायची आणि मग स्वतःच घाबरायची.

मुलगा प्रवीण म्हणाला, "एवढी वर्सं शाळेत राबली तू. घरच्या सुनेले आत सोडू शकत नाई?" तिला असा संताप आला की तिनं हातातलं सूपच आपटलं. सगळ्या गावाला अडवायचं आणि आपल्या सुनेला मागच्या दारानं न्यायचं? मग तोंड कुठे लपवायचं? आणि नाही न्यायचं, तर नातवाचं काय?

शेवटी एका सकाळी ती थेट सिस्टरच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. मराठी, हिंदी, तेलुगू, जे तोंडात आलं ते बोलली. "सिस्टर, तुमी बंद म्हनता, अन् जोडे मले पडते. ये लोग का नवस है. देवाले बोललेलं देनं हाये. नवस बाकी रहा तो नींद नहीं आता. तुमी सांगा ना मग त्याईले, तुमी उभ्या राहा फाटकाशी!"

एरवी मान खाली घालून झाडणाऱ्या बाईचं हे बोलणं ऐकून सिस्टरनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, सप्टेंबरात मातेचा वाढदिवस येतो. त्या एका दिवशी सगळ्यांनी यावं, फुलं, नारळ, काय असेल ते अर्पण करावं. मूर्तीला कुंकू मात्र नाही. आणि उद्या कोणी बोट दाखवू नये म्हणून गावातर्फे सरपंचांच्या बायकोनं सगळं बघावं.

सोजरबाई घरी आली ती हवेतच. भांडून मिळवलं होतं तिनं! रूपासाठी हिरवा खण तिनं स्वतः दुकानातून निवडून आणला.

पण आयत्या बिळावर नागोबा असतोच. सरपंचांची बायको रेणुकाबाई दोनच दिवसांत शाळेत आली, खुर्चीवर बसली आणि भराभर सगळं ठरवून मोकळी झाली. मांडव कुठे, रांग कुठून, लेकुरवाळ्या पुढे. शेवटी सिस्टरकडे वाकून ती हिंदीत म्हणाली, "वो आयम्मा विधवा है ना सिस्टर. रोज का बात अलग. इतना बड़ा दिन को उसके हाथ से ओटी जाना अच्छा नहीं दिखता."

सिस्टर जरा गोंधळल्या. घाईत होत्या, टेबलावर कामाचा ढीग होता. "ठीक है, मैं खुद ले लूँगी," म्हणाल्या.

सोजरबाई दारातच झाडू घेऊन उभी होती. रेणुकाबाईनं तिच्याकडे बघून अगदी मायेनं सांगितलं, "तू चपला सांभाळ बाई. गर्दीत चपला लय जाते."

त्या रात्री सोजरबाई जेवली नाही. तिला रेणुकाबाईचा राग आला, सिस्टरचा आला, मेलेल्या चंपतरावाचाही आला. पावसात झाडाखाली उभं राहायची काय गरज होती त्या माणसाला? आपण भांडलोच नसतो तर बरं झालं असतं, असंही तिला वाटून गेलं. रीत वाचली होती आणि रीतीतून तीच तेवढी गाळली गेली होती.

वाढदिवसाच्या सकाळी शाळा ओळखू येत नव्हती. पताका, झेंडूच्या माळा, निळ्या फिती लावलेल्या पोरी. फादरांनी प्रार्थना केली, लेकरांनी माईला वाढदिवसाचं गाणं म्हटलं. मग रांग लागली. कठड्याच्या आत सिस्टर रोजलिन. रांगेत सगळ्यात पुढे रूपा, काखेत नातू. तिला पुढे घेण्यात रेणुकाबाईचा शहाणपणा होता, सोजरबाईच्या घरावर अन्याय झाला असं कोणी म्हणायला नको. रूपाच्या मागे खुद्द रेणुकाबाई, पैठणी नेसून, भरगच्च ताट घेऊन. पोरगा पंकज परीक्षेत पास झाला, त्याचा नवस होता तिचा. आणि कठड्याच्या या कडेला, चपलांच्या ढिगापाशी, सोजरबाई.

रूपा पुढे सरकली आणि अचानक वळून चपलांकडे आली. ताट सासूपुढे धरलं.

"आत्याबाई, तुमीच ठेवा. मी तुमच्याच हातचं बोलली होती माईले."

सगळी रांग बघायला लागली. सोजरबाईचे हात पुढे झाले आणि तिथेच थांबले. काखेतला नातू तिच्याकडे बघून बोळकं पसरून हसत होता. या लेकराला काही झालं तर? आपल्या हातानं काही झालं तर? आयुष्यभर ज्या बोलण्यावर तिनं दात खाल्ले होते, ते बोलणं ऐन वेळी तिच्याच पोटातून वर आलं. तिनं हात मागे घेतले.

"जा," ती खेकसली. "सिस्टरपाशी दे. अक्कल नाई का तुले?"

रूपाचे डोळे भरले. ती गेली आणि तिनं ताट सिस्टरच्या हाती दिलं. रेणुकाबाईनं मागून समाधानानं मान हलवली.

सोजरबाई स्वतःवर इतकी चिडली होती की तिला समोरचं नीट दिसत नव्हतं. डोळे पुसून तिनं पाहिलं. सिस्टर ताट घेऊन गुहेकडे वळत होत्या. ताट धरलेल्या मनगटांत बांगडी नाही, एक घड्याळ तेवढं. गळ्यात काळी पोत नाही. कपाळ कोरं करकरीत. आणि या कोऱ्या कपाळाच्या बाईला रेणुकाबाई वाकून नमस्कार करत होती! वर गुहेत माई उभी होती. तिच्याही कपाळाला काही नव्हतं; होतं ते आजवर सोजरबाईनंच लावलेलं.

मग माझ्याच हाताला काय रोग झाला आहे?

ती चपलांवरूनच चालत गेली. कठड्याचं दार ढकलून आत शिरली, तिच्या इतक्या वर्षांच्या वाटेनं, फुलझाडांना धक्का न लावता.

"आना सिस्टर इकडे. माह्या नातवाचं हाये ते."

सिस्टरनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ताट देऊन त्या बाजूला झाल्या. सोजरबाईनं हिरवा खण उलगडला, नारळ माईच्या पायाशी टेकवला, तांदळाची ओंजळ भरून सोडली. रूपाच्या काखेतून नातू ओरडला, खुशीनं की भुकेनं कोण जाणे. तिनं माईला हात जोडले आणि बजावलं, "याले काई झालं तं तुह्याशी भांडन मी. मंग पाह्य."

मग पदर खोचून ती कठड्याशी आली आणि दोन्ही हात पुढे केले.

"पुढची कोन हाये?"

पुढे रेणुकाबाईच होती.