एक सुटलेला धर

इंग्रजी एससारखं दिसणारं जे ऽ हे चिन्ह असतं, त्याला व्याकरणात अवग्रह म्हणतात. आमच्या गाण्याच्या क्लासात त्याला ‘धर’ म्हणतात. शिकवताना बाई बोट वर करून ‘धर, धर’ म्हणतात, म्हणजे अक्षर सोडायचं नाही, पुढच्या सुरावरही तेच लांबवायचं. त्यांचं ते बोट कागदावर आणायचं काम वीस वर्षं माझ्याकडे होतं.

बाई स्वतः गाणी बांधतात. त्या पेटीवर गायच्या आणि मी लांबोड्या वहीत लिहून घ्यायचे. वर सूर, त्याच्या बरोबर खाली शब्दाचं अक्षर, आणि अक्षर लांबेल तिथे धर. गळा माझा बेताचा. बाईंनी मला एकटीला गायला कधी उभं केलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पण कॉलेज रोडवरच्या त्यांच्या हॉलमध्ये पेटीच्या उजव्या अंगाची जागा माझी होती. नव्या मुलींना माझ्या पानांच्या झेरॉक्स मिळायच्या आणि बाई म्हणायच्या, “हिचं अक्षर बघा जरा. नाहीतर तुमचं!”

मग बाईंच्या गाण्यांचं पुस्तक काढायचं ठरलं आणि ते टाइप करायला ती आली.

ती मखमलाबादची. घरची गुलाबाची शेती. पहाटे फुलं बाजारात पोचवून, आंघोळ करून, दहाला लॅपटॉप घेऊन हजर. लग्नाआधी एका छापखान्यात अक्षरजुळणी करायची, तिथेच कुणाकडून तरी गाणं लिहायचं सॉफ्टवेअर शिकलेली. क्लासला येऊन जेमतेम वर्ष झालेलं. बोलणं मळ्यातलं, गळा मात्र असा की पहिल्या दिवशी तिने षड्ज लावला आणि बाईंनी पेटीवरचा हात काढून घेतला. त्या दिवशीच ती माझ्या डोक्यात गेली. उगाच सभ्यपणाचा आव कशाला आणू?

तिची पद्धत सोपी होती. आधी सूर भरायचे, मग पहिल्या सुराखाली अक्षर टाकून स्पेसची कळ दाबायची, की कर्सर टुणकन पुढच्या सुराखाली. अक्षर, कळ, अक्षर, कळ. मी पट्टी लावून तासभर आखायचे ते पान ती चहा निवायच्या आत उभं करायची. बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. पडद्यावर अक्षरं बोराएवढी झालेली बघून त्या हरखल्या.

“अगं, हे बघितलंस का? किती टापटीप!”

वीस वर्षांत माझ्या पानाला टापटीप म्हटल्याचं मला आठवत नाही. अक्षर चांगलं म्हणायच्या. टापटीप नाही.

तपासायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, माझी वही उघडी ठेवून ती टाइप करायची आणि मी शेजारी बसून खुसपटं काढायचे. वेलांटी सुटली. जोडाक्षर फुटलं. दोन सुरांमधलं अंतर कमीजास्त झालं. ती न चिडता दुरुस्त करायची. “हां ताई, इथं जागा लय सुटली, घट्ट करते,” म्हणायची, आणि सगळी ओळ आवळून सारखी व्हायची. ती गेल्यावर मी लेकाच्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर उतरवून बघितलं. धर कुठे सापडेना, म्हणून सरळ कॅपिटल एस टाकत सुटले. दोन ओळींनंतर अक्षर कुठे नि सूर कुठे! सगळं पुसून टाकलं आणि कुणाला कळू दिलं नाही.

शेवटची प्रुफं आली. प्रत्येक ओळीपुढे हिरव्या पेनाने बरोबरची खूण करायची होती. पाऊलवाटेच्या गाण्याशी मी थांबले. ‘पाऊलवाट’मधला ‘वा’ समेवर पडतो, म्हणजे तालाचा पहिला ठोका बरोब्बर त्या अक्षरावर येतो. सगळं गाणं त्या जागेसाठी बांधलंय. प्रुफात ‘पा’नंतरचा धर नव्हता. पुढचं प्रत्येक अक्षर एकेक सूर अलीकडे सरकलं होतं आणि समेवर ‘वा’ नव्हताच.

सापडली! मला इतका आनंद झाला की मी उठून पाणी प्यायले. आता बाईंना कळेल, टापटीप म्हणजे काय ते. मग वाटलं, मी सांगितलं तर ती ‘हां ताई’ म्हणून कळ दाबेल आणि संपेल. त्यापेक्षा बाईंच्याच कानावर पडू दे, सगळ्यांसमोर. मी त्या ओळीपुढे हिरवी खूण केली. चांगली ठसठशीत केली.

रविवारी प्रकाशनाच्या कार्यक्रमाची तालीम होती. नव्या बॅचच्या मुलींनी ते गाणं बाईंच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं, त्या प्रुफावरूनच गायल्या. समेशी आल्या आणि तोंडघशी पडल्या. तबला एकीकडे, शब्द एकीकडे. बाईंनी पेटी थांबवली.

“हे कुणी केलं?”

मी माझ्या जागेवर, पेटीच्या उजव्या अंगाला, मान खाली घालून वाट बघत होते.

“माझ्याकडून झालं बाई,” ती म्हणाली. “जागा घट्ट करताना सरकलं.”

“गाणं कळतं ना तुला? नुसती बटणं दाबू नयेत,” बाई म्हणाल्या. वीस वर्षांत एवढी गोड तालीम झाली नव्हती.

प्रुफं दुरुस्त करायला ती संध्याकाळी माझ्याकडे आली. लॅपटॉप उघडण्याआधी तिने माझी वही उघडली आणि पाऊलवाटेचं पान माझ्यापुढे सरकवलं. माझंच अक्षर. ‘पा’, मग बोटभर कोरी जागा, मग ‘ऊ’. धर नव्हताच. तेव्हा आम्हा सगळ्यांना गाणं पाठ होतं, चिन्ह कशाला, म्हणून मी नुसती जागा सोडून पुढे गेले होते.

“तुम्ही जागा सोडलीय ताई, धर लिहिलाच नाय,” ती म्हणाली. “कोऱ्या जागेचं मला काय कळनार? शेवटी एक सूर रिकामा उरला तवा शंका आलती. म्हनलं विचारावं. पन प्रुफावर तुमची हिरवी खूण बघितली. म्हनलं, ताईंनी तपासलंय म्हंजी बरोबरच असंल.”

“मग बाईंना सांगायचं ना तसं!”

“काय सांगायचं? तुमच्या अक्षराचं कौतुक बाई सगळ्यांना सांगत्यात. मला काय, मी नवीन हाय. माझं खपून जातं.”

मी चहा टाकायला आत गेले. खूण मुद्दाम केली होती, हे तिला सांगायचं मी ठरवलं, आणि चहा उकळून बाहेर येईपर्यंत ठरवलेलं मोडलं. माझ्याकडे नसलेला गळा तिच्याकडे होता, हात होता, आता मनही माझ्यापेक्षा मोठं निघालं. काहीतरी एक माझ्यासाठी ठेवायचं होतं देवाने.

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “तुम्हीच टाका,” म्हणाली आणि कळ दाखवली. मी धर टाकला. पुढची अक्षरं एकेक सूर पुढे सरकली आणि ‘वा’ समेखाली जाऊन बसला.

पुस्तक निघालं. आत ‘स्वरलेखन’ म्हणून दोघींची नावं आहेत, माझं वर. ते तिनेच टाइप केलंय. हल्ली पाऊलवाटेचं गाणं निघालं की त्या जागेआधी बाई बोट वर करतात आणि तिच्याकडे बघून हसत म्हणतात, “सांभाळा गं, इथे आमच्या बटणवालीने एकदा सम पळवली होती.” सगळ्या हसतात. तीही हसते, माझ्याकडे अजिबात न बघता. दर वेळी मी तोंड उघडते, आणि तेवढ्यात सम येते.

बाई इतक्या लाडाने मला कधीच बोलल्या नाहीत. आणि तो टोमणा खरं तर माझ्या वाट्याचा आहे.