सुखदेव तायडे समोर बसायचा

हिंजवडीत तेव्हा कंपन्यांच्या काचा नव्या होत्या आणि मागे अजून ज्वारी उभी असायची. काय दिवस होते! गेटवरच्या गार्डांची संघटना मी बांधत होतो आणि दुपारी त्यांच्याच डब्यांवर माझं पोट भरत होतं.

सुखदेव तायडे तिथला हेडगार्ड. अकोल्याकडचा, बौद्ध, फौजेतून मुदतीआधीच परतलेला. कपड्यांना कडक इस्त्री, बोलणं मोजकं.

आवारातल्या बँकेसाठी बंदूकवाला गार्ड आला, आसामचा रंजन बसुमतारी. इथल्याच गावातला गार्ड संभाजी त्याला नेपाळी म्हणायचा. "ए नेपाळी, आज कुत्रं शिजवलं का?" सगळे हसायचे. आधी रंजनही हसायचा. मग एका दुपारी त्यानं भिंतीकडे तोंड करून डबा उघडला.

सुखदेव घास टाकून उठला. भिंत आणि रंजन यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत जाऊन बसला.

"तायडेमामा, पार्टी बदलली का?" संभाजीनं टोमणा मारला.

"आमच्या बराकीत एक्का नावाचा जवान होता, झारखंडचा आदिवासी. त्याले सारे जंगली म्हणत. कित्येक दिवस तो असाच पाठ करून जेवला. आम्हाले वाटलं, रुसला. मग एका सकाळी त्यानं पाच जण उडवले, अन् शेवटी स्वतःले. पेपरात आलं, माथेफिरू. कायचा माथेफिरू! त्याच्यासमोर कोणी बसलंच नाही."

हे सुपरवायझरच्या कानावर गेलं आणि उलटंच झालं. "म्हणजे हा धोक्याचा आहे. काढा त्याला."

अरे वा! चिडवणारा कामावर आणि चिडवलेला घरी! मी सुपरवायझरचा पाणउतारा सुरू केला, तर सुखदेवनं मलाच गप्प करून त्याला सांगितलं,

"साहेब, रंजन गेला तं मीबी जातो. नाहीतर दोघंबी राहू द्या. पण जेवण एकत्र, गोल करून."

असा हेडगार्ड त्या पगारात मिळणार नव्हता. सुपरवायझरनं दोघांनाही कामावर ठेवलं.

संभाजी काही दिवस धुसफुसला. "आमच्याच रानात गेट, आन् आमालाच शिस्त!" बसायचा मात्र गोलात. एकदा रंजननं बांबूचं लोणचं सगळ्यांपुढे फिरवलं. संभाजीनं ऐटीत मोठी फोड तोंडात टाकली. कान लाल, डोळ्यांत पाणी.

"मेलो! रंजन, पानी दे की लवकर!"

रंजननं बाटली दिली, पण आधी स्वतः दोन घोट सावकाश पिऊन. गोल खदखदून हसला. संभाजीसुद्धा.

सुखदेव हसला नाही. त्यानं रंजनच्या डब्यातलं लोणचं घेतलं आणि आणखी एक भाकरी मोडली.