फुलोऱ्यातली मोसंबी

महालक्ष्म्या जेवाच्या दिवशीची गोष्ट. माही पोरगी सात वर्साची, तिले साखरेची बिमारी, जेवाच्या आधी सुई द्या लागते. सुई देल्ली का लगेच खाऊ घालाच, हे वाशिमच्या डॉक्टरनं माह्याकून घोकून घेतलं व्हतं.

दुपारी पानं मांडले तं सासू म्हणे, "दे तिले सुई, आरती झालीच समज." मी देल्ली. अन् तवाच भासऱ्याचा, म्हंजे मालकाच्या मोठ्या भावाचा, फोन आला, वाशिमजवळच्या मालेगावच्या पुढं गाडी पंचर झाली. आरती मोठ्या लेकाच्याच हातची. सारे थांबले. नैवद्य दाखवल्याबिगर आमच्या घरी कोणी दाना तोंडात टाकत नाई.

मी पोरीकडं पाहू का रस्त्याकडं पाहू. पोरगी येऊन माह्या मांडीवर बसली, आंग गार, कपाळ घामानं वलं, हात थरथर करे. "आई, मले कसंतरी होऊन राह्यलं." बोट टोचून मशीनवर पाह्यलं, साखर पार खाली गेल्ती. आमाले आकडा चढेल पाहाची सवय.

मी सासूले म्हणलं, "आत्याबाई, हिले मोसंबीचा रस पाजा लागते."

"साखरेच्या पोरीले रस? जीव घेतं काय तिचा? अन् नैवद्याच्या आधी?"

तिचं तरी काय चुकलं, आजवर पोरीसमोरून रसाचा पेला मीच उचलत आली. पण डॉक्टर म्हणे, साखर चढेल असली तं रस नोको, पडली तं तोच दवा. गिळता येते तवरच पाजा, नाई तं दवाखान्यात पळा.

पोरगी आजीले काई सांगाले गेली तं जीभच अडखळली.

महालक्ष्म्याच्या डोक्यावर फुलोरा बांधेल, करंज्या, पापड्या, मोसंब्या दोऱ्यानं लटकेल. मी हात वर केला, पुरेना. मागून कोणी मोसंबी तोडली. सासूच व्हती.

"पिळ ना व, पाहून काय राह्यली?"

बिया बी नाई काढल्या. घोट घोट पाजला. पोरगी डोळे मिटे, मी गाल थापटो, "झोपू नोको माय, गिळ." लय वेळ गेला असं वाटलं. मंग तिनं माहा हात दूर लोटला अन् म्हणे, "आंबट हाय." पुन्हा बोट टोचलं, आकडा वर सरकला व्हता. सासूनं आरतीच्या आधीच तिच्या पुढं वरण-भात वाढला.

भासरा घामाघूम दारात आला. "नैवद्य थांबला ना?"

"लहानी लक्ष्मी जेवून राह्यली," सासू म्हणे. "तू हातपाय धू, मोठ्याइले नैवद्य दाखव."

सारे हासले. मले हासू आलं नाई. मी तिचं कपाळ चाचपून पाहे, घाम वाळला का नाई.