गंजीतली सळई
इस्त्रीखाली सुती कापड करपल्याचा वास आला, की मला दारव्ह्याजवळच्या सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याचं आवार आठवतं. त्या वर्षी कापसाचे भाव पडलेले होते, माल कोणी उचलत नव्हतं आणि आवारातल्या कापसाच्या गंज्या नुसत्या वाढत होत्या. माझे वडील त्यांची राखण करायचे. गंजीत लांब सळई खुपसून ठेवायची आणि काही वेळाने ओढून मनगटाला लावायची. ती तापलेली निघाली, तर आत कापूस धुमसतोय हे कळायचं. पुण्याहून सुटीवर आलेला मी त्यांना माझं संशोधन सांगत होतो, की काही दीर्घिकांमध्ये इतकी धूळ असते, की ताऱ्यांचा उजेड बाहेर येतच नाही, धूळच तापते, आणि त्या उष्णतेचा अवरक्त वर्णपट काढून आम्ही आत काय जळतंय ते ओळखतो. "मंग इझवता येते काय ते?" त्यांनी विचारलं. "नाही बाबा, नुसतं समजते." ते हसले, त्यांनी सळई ओढून मनगटाला लावली आणि चटका बसताच त्यांचा चेहराच उतरला. मजुरांनी घाईने गंजी फोडली, तसा आत वारा शिरला आणि पांढऱ्या कापसातून जाळ उसळला. संध्याकाळी राखेजवळ बसून बाबा म्हणाले, "समजून काय फायदा झाला रे?" आज माझ्या पडद्यावर वर्णपट उमटतो, तेव्हा त्या दूरच्या दीर्घिकेतली आग, तिची ऊब इथवर पोहोचेपर्यंत, कधीचीच जळून गेलेली असते, आणि बाबांचा प्रश्न आठवत मी पुढचा वर्णपट काढायला घेतो.