परवाच दाखवलेत डोळे!

आमच्या नारायणगुड्याच्या दवाखान्यात किस्से साठतात ते डोळ्यांत घालायच्या थेंबांमुळे. आतला पडदा नीट दिसावा म्हणून आधी बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे आणि पेशंटला अर्धा तास डोळे मिटून बसवायचं. आता डोळे बंद म्हटल्यावर माणूस तोंड तरी कशाला बंद ठेवील?

मी पुण्याची. दोन वर्षांपूर्वी लग्न करून हैदराबादला आले आणि सहा महिन्यांपूर्वी इथे डोळे तपासायच्या कामाला लागले. मुख्य काम शुगरवाल्यांना गाठून त्यांच्या पडद्याचा फोटो काढणं. शुगर पडद्याची वाट लावते ती गुपचूप. दुखत नाही, खुपत नाही. त्यामुळे "मला तर मस्त दिसतंय!" म्हणणाऱ्यांचीच आमच्या डॉक्टर मॅडमना जास्त धास्ती.

घरी माझ्या सासूबाईंना पंधरा वर्षांची शुगर. नोकरी लागली त्याच आठवड्यात म्हटलं, "आई, एकदा चला ना."

"नक्को गं! परवाच दाखवलेत डोळे. एकदम बढिया हायेत."

सुईत दोरा त्या एका झटक्यात ओवतात, म्हणून मी गप्प बसले. पण रिपोर्ट मागितला की तो कधी सापडायचा नाही, आणि तेवढी एक धाकधूक मनात राहिली.

*

पहिल्या आठवड्यातच माझी फजिती झाली. शुगरच्या पेशंटना फोन करून बोलवायचं होतं. मी माझ्या पुणेरी हिंदीत एका गृहस्थांना म्हटलं, "आपका परदा चेक करना है."

"हौ हौ, जरूर! खिडकी का कि दरवाजे का?"

त्यांचं पडद्यांचंच दुकान होतं! मी म्हटलं, आँख का. ते म्हणाले, "वो साइज तो हम नहीं रखते, अम्मा."

आले मात्र दुसऱ्याच दिवशी. थेंब घालून बसले असताना आमच्या खिडकीचे पडदे किती जुने झालेत ते बोटांनी चाचपून सांगत होते.

*

एक तेलुगू मावशी. त्यांना सांगितलं होतं, "उद्या फोटो काढायचा आहे." दुसऱ्या दिवशी बाई हजर! कडक इस्त्रीची साडी, वेणीत मोगरा, तोंडाला पावडर आणि डोळ्यांत हे एवढं काजळ!

निम्मा वेळ काजळ पुसण्यातच गेला. कॅमेऱ्याला हनुवटी टेकवली तर छान हसल्या. मी म्हटलं, "अम्मा, हसू नका, डोळा हलतो." तर म्हणाल्या, "बिगर हसल्याचा फोटो अमेरिकेत लेकाला कसा पाठवू?"

*

आमच्या मॅडम इथल्याच जन्माच्या, पण मराठीच्या भलत्या अभिमानी. त्यांनी हौसेनं मराठी अक्षरांचा तक्ता लावलाय. परवा एक आयटीतला मुलगा आला. घरात मराठी, शाळा इंग्लिश, आणि बत्तिसाव्या वर्षीच शुगर.

"खालची ओळ वाच."

गप्प.

"बरं, मधली?"

गप्प.

"सगळ्यात वरचं, मोठं अक्षर?"

मी मॅडमना हाक मारली, "मॅडम, याला काहीच दिसत नाहीये!"

"दिसतंय हो सगळं," पोरगा ओशाळून म्हणाला. "वाचता येत नाही!"

*

आणि मग गौसभाई, रिक्षावाले. फॉर्मवर रकाना असतो, याआधी पडदा कधी तपासला? गौसभाई म्हणाले, "परसों."

मी परवाची तारीख घातली. वर, मग आज पुन्हा कशाला आलात, म्हणून त्यांना घरी पाठवायला निघाले! मॅडमनी फॉर्म पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अगं पुणेकर, आमच्या हैदराबादेत कालच्या मागचा कुठलाही दिवस परसोंच असतो! कोणतं परसों ते विचार आधी."

गौसभाईंनी डोकं खाजवलं. "वो... बड़ी बेटी की शादी के टैम पे."

बड्या बेटीची मुलगी शेजारीच बसली होती. शाळेच्या युनिफॉर्ममध्ये!

सगळा दवाखाना हसला, मीही हसले. संध्याकाळी अंबरपेठला घरी पोचले आणि दारात चपला काढता काढताच विचारलं,

"आई, तुम्ही डोळे परवा दाखवलेत म्हणजे नक्की कधी?"

"सांगितलं ना, परवा. आपल्या विनूला इंजिनिअरिंगला अॅडमिशन मिळाली की नाही, त्याच आठवड्यात. दिलसुखनगरला, चष्म्याच्या दुकानात."

विनू म्हणजे माझा नवरा. समोरच बसला होता. त्याला आता टक्कल पडायला लागलंय!

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना हाताला धरून नेलं. गावभरचे पडदे बघत फिरते आणि दिव्याखाली अंधार! मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी पहिले फोटो त्यांचेच काढले.

पडद्यावर शुगरचे ठिपके होते. बारीक, लाल, दोन्ही डोळ्यांत.

मॅडमनी फोटो दोनदा पाहिले. "वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "लेझरची गरज नाही सध्या. शुगर ताब्यात ठेवायची आणि दर सहा महिन्यांनी इथे यायचं." मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं.

सासूबाईंचं लक्ष मात्र स्क्रीनकडे. डोळे बारीक करून त्या ठिपक्यांकडे बघत होत्या.

"हे सगळं माझ्या डोळ्यात हाय?"

"हो आई."

"कमाल हाय बाई! माझ्याच घरातलं, अन् मलाच नाही दिसलं?"

मॅडमनी त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.