पोळा फुटला नाही त्या साली

आमच्या घरच्या मानसाचं नाव उद्धवराव. पन सारी गल्ली त्यायले 'हातसायकल' म्हने. तोंडावर नाई, पाठीमागं. सायकल चांगली होती, चाकात हवा होती, पन हा बुवा तिच्यावर बसे नाई. गाय चारायले न्यावी तशी हँडल धरून पायी चाले. वावर तामसीच्या रस्त्याले. जायाचं पायी, यायाचं पायी, अन् सायकल हातात. मी कावून म्हनो, "बसत नाई तं विकून टाका एकदाची!" तं म्हनत, "राहू दे सोजर. मले बसायचा हक नाई."

हक काऊन नाई, ते सांगतो. लपवायसारखं काई नाई, साऱ्या आदिलाबादले ठाऊक हाये.

आमची गल्ली बाजाराच्या मागं. गल्लीच्या तोंडाशी दोन दगडी खांब होते, कोन्या जमान्यातले. मधातून एक बैलगाडी जाय, एवढीच जागा. त्यामुळं गल्लीत गाडी, सायकल अन् पायी मानूस, एवढंच. लेकरं दिवसभर रस्त्यातच खेळत. पोळ्याले त्याच खांबाईले आंब्याच्या पानाचं तोरण आडवं बांधत. साऱ्यायचे बैल सजून तोरणामागं, गल्लीबाहेरच्या मैदानात उभे राहत, मानसं झडत्या म्हनजे पोळ्याची गानी म्हनत, अन् मग मानकऱ्याची जोडी तोरण तोडून पुढं निघे. तेव्हा पोळा फुटला म्हनायचं. तोरण तुटल्याबिगर ना बैल हालत ना मानूस. अन् हा मान आमच्या घरचा, यायच्या आज्यापासून.

चौऱ्यांशी साली गल्लीच्या दुसऱ्या टोकाले एका शेठानं गोदाम बांधलं. कापूस, सरकी, खत, सारं तिथं. लॉरीले मोठ्या रस्त्यानं वळसा पडे. एक दिवस शेठ आमच्या ओट्यावर येऊन बसला. म्हने, "उद्धवराव पाटील, आप बोलेंगे तो गल्ली मानेगी।" आमी कायचे पाटील! पन तो शब्द कानात गेला अन् आमचे बुवा असे फुगले, पावसात दारं फुगतात ना, तसे. मग काय, घरोघर जाऊन सांगू लागले, "खांब काढा. लॉरी दाराशी येईन. कापूस भरायले गाडी जुंपाव लागनार नाई."

शेजारचे नरसिंगराव मास्तर म्हनले, "उद्धवराव, लेकरं खेळतात इथं."

यायनं फटकन म्हटलं, "मास्तर, जग कुठं चाललं अन् तुमी कुठं!"

पहार घेऊन यायनंच खांब उपटले. एक गोठ्यात पडला. दुसरा मी न्हानीपाशी टाकून घेतला, धुनं धुवायले. मले तवा काय ठाऊक! दगड झकास होता.

लॉऱ्या सुरू झाल्या. लेकरं ओट्यावर चढली, म्हाताऱ्या भिंतीले चिटकून चालू लागल्या. धूळ तं अशी की भाकरीत कचकच लागे.

मास्तराची मोठी पोरगी मीनाक्षी. गल्लीत सायकल चालवनारी पहिली पोरगी तीच. नववीत होती. दोन वेण्या, अन् टिंग टिंग करत आमच्या दारावरून जाय. पंच्याऐंशी साली एक दिवस सकाळी लॉरी पाहून ती दारापाशी थांबली. हे ओट्यावर दात घासून राह्यले होते. म्हनले, "काऊन थांबली व? जाय बिनधास्त. रस्ता आता लय मोठा झाला."

मोठ्या मानसाचं ऐकलं पोरीनं. गेली.

लॉरीच्या मागच्या चाकात सायकल गेली अन् पाय गेला. हेच धावले, यायनंच उचललं. पाय वाचला पन वाकडा राह्यला, जन्माची काठी आली हातात. अरे देवा, त्या दिवशीची तिची किंकाळी मले अजून आयकू येते.

मास्तर यायले एका शब्दानं बोलले नाई. बोलले असते तं बरं झालं असतं! शिव्या पचतात, गप राहनं पचत नाई. त्या दिवसापासून हे सायकलवर बसले नाई. मास्तराच्या दारावरून जायाचं तं मान खाली, सायकल हातात. जेवतानी मधातच हात थांबे. म्हनत, "खांब म्या काढले, अन् जाय बिनधास्त बी म्याच म्हटलं." मी समजूत घालो, मग चिडो, मग रडो. कायचाच उपेग नाई.

असं करता करता एक्क्यान्नव साल आलं. मीनाक्षी मास्तरकीचं ट्रेनिंग करून राह्यली होती. अन् तिची लहान बहीन सरोजिनी हट्टाले पेटली, मले बी सायकल पायजे. मास्तरानं तीच मोडकी सायकल दुरुस्तीले टाकली. पोळा झाला की पोरगी त्याच रस्त्यानं शाळेत जानार.

हे आयकलं अन् आमच्या मानसाचं अन्न तुटलं. उठले अन् शेठाकडं गेले. हात जोडले, "लॉऱ्या बाहेरच्या रस्त्यानं आना. पोरगी सायकल चालवनार हाये."

शेठ हसला. "उद्धवराव, ये रास्ता तो तुमने ही खुलवाया।"

खोटं थोडीच होतं! घरी आले अन् गोठ्यात त्या खांबावर बसून ढसाढसा रडले. बैल पाहून राह्यले होते, मी दारात उभी. जवळ जायची माई हिंमत झाली नाई.

पोळ्याचा दिवस आला. खांब नव्हते तं तोरण बांबूईले बांधलं होतं. बैलाईच्या अंगावर झुली, शिंगं रंगवलेली. बायका आरत्या घेऊन दारोदार उभ्या. झडत्या संपल्या. आता मानकऱ्यानं निघायचं. अन् हे काई हालेचना!

मागच्या जोडीवाले अमृतराव ओरडले, "चला न मानकरी! झोप लागली का?"

हे वळले. "मी तोरण तोडत नाई. खांब म्या काढले, पाप माझं. ते परत गाडल्याबिगर पोळा फुटनार नाई."

एकच गलका! कोनी म्हने येडा झाला, कोनी म्हने दुसऱ्यानं तोडा. पन दुसऱ्याचा मान घ्यायले कोन पुढं येईन? मी आरती खाली ठेवली अन् सरळ रस्त्यात गेली. "लाज वाटते का काई? बैल उपाशी हायेत, साऱ्या बायका खोळंबल्या!"

म्हनले, "वाटते सोजर. सहा वर्सापासून वाटूनच राह्यली."

मी आरती उचलून बाजूले झाली.

तेवढ्यात तोरणाच्या पलीकडं खताची लॉरी येऊन थांबली. शेठ धावत आला, ड्रायव्हरले म्हने, "निकाल दे, पत्ते ही तो हैं।" ड्रायव्हर नागपूरकडचा होता, पोळा त्याले ठाऊक. त्यानं मशीन बंद केली अन् तोरणाले हात जोडले. "आप तोडो सेठजी। मैं नहीं तोडूँगा।" शेठानं तोरणाकडं पाह्यलं, बैलाईकडं पाह्यलं. त्याची बी हिंमत झाली नाई.

बैल मैदानातच बांधले. आरत्या अन् पुरनपोळ्या तिकडं नेल्या. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकराईचा. मोठाच फुटला नाई तं लहान कसा भरनार? लाकडाचे बैल घेऊन लेकरं भोकाड पसरून बसली. गल्लीतली म्हातारी देवकाबाई आमच्या दारात येऊन कडाकडा बोटं मोडे, "लेकराईचा सन खाल्ला याच्या तोंडानं!" हे आयकत राह्यले, खाली मान घालून.

पन बाई, तोरण तसंच बांधलेलं, म्हनून रस्त्यात लॉरी नव्हती. मोठा पोळा नाई तं नाई, लेकरं किती वेळ रडनार? लाकडाचे बैल दोरीनं ओढत रस्त्यानं धावू लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हाताऱ्या ओट्यावरून खाली उतरल्या. दुपारी देवकाबाई पुन्हा आली. मी म्हटलं, आली आता दुसरी फेरी! तं ती उंबऱ्यात बसली अन् हळूच म्हने, "सोजर, आज मी रस्त्याच्या मधातून चालत आली व. किती वर्सानं!"

संध्याकाळी बायकाईनंच आपापल्या मानसाईले सांगितलं, खांब परत गाडा. शेठ लय कुरकुरला, पन साऱ्या गल्लीपुढं एकल्याचं काय चालते! धुन्याचा दगड मीच घासून देल्ला, साबनाचा थर बसला होता त्याच्यावर. खांब गाडले, तोरण खांबाईले बांधलं.

आता तोडायचं. यायनं मीनाक्षीले बोलावनं धाडलं. ती काठी टेकत आली. साऱ्यायसमोर हे म्हनले, "बाई, हा मान आता तुया. तू तोड."

मले वाटलं पोरगी रडनार, पाया पडनार, सारं गोड होनार. ती कायची रडते!

"काका," ती म्हनली, "सहा वर्स तुमी रोज माझ्या दारावरून सायकल हातात घेऊन जाता. जो पाहतो तो आधी सायकल पाहतो, मग माझा पाय पाहतो. मी विसरतो म्हटलं तरी तुमी विसरू देत नाई. तुमचं पाप तुमी माझ्या दारात वाळत घालता. मले मान नको. तुमी सायकलवर बसा अन् तोरण तोडा."

यायचं तोंड पांढरं पडलं. मीच घरून सायकल आनली. सहा वर्सात पाय विसरले होते, दोनदा टेकले, तिसऱ्यांदा पायडल फिरलं. तोरण कपाळाले लागलं अन् तुटलं. पोळा फुटला! मागून बैल निघाले, लेकराईनं कल्ला केला. हे मात्र पुढं पायडल मारत लहान लेकरावानी रडून राह्यले.

मले वाटलं, चला, उतरलं एकदाचं ओझं. सरोजिनी सायकलनं शाळेत जाऊ लागली, हे बी रोज सायकलवर वावरात. मास्तराच्या दारापाशी घंटी वाजवायची, हा मीनाक्षीचा हुकूम. एक दिवस मी इचारलं, "आता तं बरं वाटते न?"

म्हनले, "पायी चालो तं वाटे, थोडं थोडं फेडून राह्यलो. आता फेडायले बी काई नाई राह्यलं, अन् देनं तसंच हाये, सोजर."

अन् सायकल काढली. मास्तराच्या दारापुढं घंटी वाजली. आतून मीनाक्षी रोजच्यासारखी म्हनली, "जा काका, बिनधास्त. रस्ता मोकळा हाये."