जबाबातला ‘गेलतो’

या प्रकरणात मला मदत केली ती एका वायरमनने. आधी त्याचे आभार मानतो, कारण ज्याला मी चोर समजून ठाण्यात आणलं, तो तोच होता.

ती दुपार अजून मनातून जात नाही. मी तेव्हा हवालदार होतो. मूळचा कोकणातला. आठवीत शाळा सुटली, पुढे बाहेरून दहावी केली आणि भरती निघाली म्हणून बीड जिल्ह्यात आलो. घर लांब, शिक्षण कमी. लिहायचं काम आलं की मी ते दुसऱ्यावर ढकलायचो.

नेकनूरच्या अलीकडे निजामाच्या काळातली एक दगडी कोठी आहे. मालकाने ती डागडुजी करून लग्नांना, जेवणावळींना द्यायला सुरुवात केली होती. एका लग्नात, मुहूर्ताला दोन-तीन तास असताना, तिथल्या मॅनेजरचा ठाण्यात फोन आला. नवरीचं गंठण वरच्या खोलीतून गेलं होतं आणि त्याचा संशय कोठीच्या वायरमनवर होता.

ठाणे अंमलदाराने डायरीला नोंद घेऊन मला पाठवलं. वऱ्हाड खोळंबलेलं, नवरीची आई रडतेय. मी कोठीच्या म्हाताऱ्या राखणदाराला बाजूला घेतलं.

“वायरमन दिसला का? नवरीच्या खोलीत?”

“खोलीत गेलतो की, साहेब.”

मी लिहिलं, ‘खोलीत गेला तो.’ खाली नेहमीचं वाक्य घातलं, ‘जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे.’ वाचून मात्र दाखवला नाही. घाई होती.

वायरमनला पाहुण्यांसमोर दंडाला धरून जीपमध्ये बसवलं. वऱ्हाडातला एक जण ओरडला, “बल्ब बदलता बदलता गंठण बी बदललं का बे?” लोक हसले.

ठाण्यात तो एकच सांगत राहिला, “मी गच्चीवर हुतो, वायर वढीत.” शेवटी चिडून मी त्याला जबाबच वाचून दाखवला. त्याने उलट मलाच विचारलं,

“साहेब, तुमी कुठले?”

“कोकणातला. का?”

“मंग बरोबर हाय. म्हातारा ‘गेलतो’ म्हनला असंल. गेलतो म्हंजी मी गेलो होतो. माझं सांगायचं असतं तर ‘गेलता’ म्हनला असता. त्यो सोताचंच सांगत हुता.”

“म्हणजे चोर तो?”

“न्हाई हो! लई गरीब मानूस. दमात घेऊ नका, घाबरला की तोंड उघडत न्हाई.”

त्याने सांगितलं तसंच केलं. राखणदाराला चहा पाजून विचारलं. म्हातारा म्हणाला, “नवरीच्या आत्याबाईनं खोलीत बोलिवलं, साड्यांचं गाठोडं टेम्पोत ठिव म्हनल्या. ठिवलं.”

टेम्पोतलं गाठोडं उघडलं. मानपानाच्या एका साडीच्या घडीत गंठण होतं. गर्दीत हरवू नये म्हणून आत्याबाईंनीच ते तिथे खुपसलं होतं आणि धांदलीत विसरल्या होत्या.

लग्न लागलं. मी वायरमनला कोठीवर सोडायला गेलो. मॅनेजर फाटकातच उभा.

“गंठण सापडलं हो, पण पोलिसांनी उचललेला माणूस नको आम्हाला. पाहुणे काय म्हणतील?”

वायरमनने माझ्याकडे पाहिलं. त्या कोठीतली एकूण एक वायर त्याने ओढलेली. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की चूक माझ्या लिहिण्यात झाली. पण ते वरिष्ठांपर्यंत जाईल, चौकशी लागेल, अर्धशिक्षित म्हणतील, या भीतीने मी टोपी नीट करत राहिलो. त्याने आतून पक्कड आणि पिशवी घेतली.

“येतो साहेब,” म्हणाला आणि पायीच निघाला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एकही जबाब वाचून दाखवल्याशिवाय मी मिटला नाही. लोक म्हणायचे, हवालदार फार बारीक आहे. ती शिस्त कुणाच्या पोटावर पाय देऊन आली, ते कुणाला सांगितलं नाही. माणूस काय बोलला हे नीट ऐकावं, हे मी शिकलो. आपण काय बोलायचं टाळलं, ते त्याहून जास्त काळ कानात राहतं.

त्याने उमापूरला दुकान टाकल्याचं ऐकलं आहे. त्याचं देणं मी फेडणार आहे. त्याला सोबत घेऊन भर जेवणावळीत कोठीवर जाईन आणि मालकासमोर, पाहुण्यांसमोर सांगेन, चूक माझी होती. मग कुणी विचारलं, त्या कोठीवर परत कधी गेला होतात का, तर त्याच्याच बोलीत उत्तर देता येईल. गेलतो.